रस्ता वितळला तो वैशाख

चैत्र सरता सरता आमच्या गल्लीत डांबराची गाडी येऊन उभी राहिली आणि घराघरांतून खिडक्या लावून घेतल्याचे आवाज आले. सुनेनंही लावल्या. "आई, डोकं धरेल तुमचं त्या वासानं," ती म्हणाली. ती स्वयंपाकघरात गेल्यावर माझ्या खाटेजवळची खिडकी मी बोटभर उघडली. ऐंशी उलटली आता, सांगायला लाज कसली? नव्या लग्नाच्या आठवणी कुणाला मोगऱ्यानं येतात, कुणाला हळदीच्या वासानं. मला उकळत्या डांबरानं येतात.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन उन्हाळे झाले असतील. माघात माझं लग्न झालं. ह्यांचं नाव नारायण. हे रस्त्याच्या कामावर ओव्हरसियर होते. यवतमाळहून बाभुळगावकडे जाणारा रस्ता तेव्हा खडी-मुरमाचा होता. उन्हाळ्यात त्याच्यावरून मोटार गेली की मागे धुळीची भिंत उभी राहायची, आणि पावसाळ्यात काळी माती वर येऊन चाकं गिळायची. तो रस्ता डांबराचा करायचं काम ह्यांच्याकडं होतं. दारव्ह्याकडच्या आमच्या शेतातल्या घरातून मी निघाले ती थेट त्या कामाच्या कॅम्पवर. रस्त्याच्या कडेला मोहाची चार मोठी झाडं, त्यांच्याखाली तट्ट्याच्या दोन खोल्या, वर टिनाचे पत्रे. सासूबाईंनी निघताना बजावलं होतं, "साहेबाची बायको आहेस, मजुरायमंदी मिसळू नको." मी मान हलवली होती. मान हलवणं तेव्हा मला फार छान जमायचं.

पहाटे मोहाची फुलं गळायची. टप्, टप्, टप्, असा आवाज झोपेत शिरायचा आणि वाटायचं, कुणीतरी अंगणात हळू चालतंय. उजाडता उजाडता तांड्यावरच्या बाया टोपल्या घेऊन फुलं वेचायला यायच्या, आणि ती वेचून झाली की त्याच बाया रस्त्याच्या कामाला लागायच्या. भट्टी पेटायची. पिंपं फोडून डांबर मोठ्या कढईत टाकायचे. सकाळच्या गार हवेत मोहाचा गोड, जड वास आणि डांबराचा तिखट वास एकमेकांत मिसळायचे. आज इतक्या वर्षांनीही ते दोन वास मला वेगळे करता येत नाहीत. आठवणीत ते एकच आहेत.

बायांच्या गँगची मुख्य होती सोमली. पन्नाशीची असेल. कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, चोळीवर आरसे, आणि पायांना गोणपाट गुंडाळून सुतळीनं बांधलेलं, कारण गरम डांबरावर दुसरं काही टिकत नसे. उन्हात ती वळली की तिच्या चोळीवरचे आरसे चमकायचे आणि तट्ट्याच्या फटींतून माझ्या स्वयंपाकाच्या भांड्यांवर उजेडाचे ठिपके नाचायचे. ती कामावर आलीय हे मला त्या ठिपक्यांवरून कळायचं. पहिल्यांदा बोललो ते पाण्यावरून. तिनं माठाकडं बोट केलं, मी तांब्या भरून दिला. पाणी पिऊन ती रस्त्याकडं पाहत म्हणाली, "माहा आजा याच वाटेनं मीठ नेत होता, बाई. शंभर शंभर बैल. बैलाच्या खुरानं वाट होत होती. आता आमी हातानं करून राह्यलो."

काम मी तासन् तास पाहायची. आधी खडीचा रस्ता झाडून लख्ख करायचे, अंगण झाडावं तसा. मग दोघी-दोघी बाया झारीतून तापलेलं डांबर सोडत मागं मागं सरकायच्या. त्यांच्यामागून दुसऱ्या बाया बारीक गिट्टी पसरायच्या, आणि मग रोलर यायचा, सावकाश, डुलत. दिवसाला फर्लांगभर काळी पट्टी पुढं सरकायची. संध्याकाळी ऊन उतरलं की हे म्हणायचे, "येतेस का?" आम्ही दोघं त्या पट्टीवरून चालत जायचो. हे चार पावलं पुढं, मी मागं. चप्पल काढून चालायची मी. दिवसभराची ऊब रस्त्यात असायची आणि ती तळव्यांतून वर चढायची. दोन्ही बाजूंना सागाची निष्पर्ण झाडं, कापूस वेचून झालेली रिकामी वावरं, आणि मधोमध हा काळा, गुळगुळीत रस्ता. बोलायचे ते रस्त्याबद्दलच. इथं पाणी खालून जायला मोरी टाकली, इथं चढ कापला. नवऱ्यानं बायकोशी काय बोलायचं असतं हे त्यांनाही माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. मी ऐकत राहायची. मला ते पुरायचं.

शेवटचे तीन मैल उरले तेव्हाची एक दुपार मला स्पष्ट आठवते. मी ह्यांचा डबा घेऊन गेले होते. डांबराची पिंपं हिशोबापेक्षा थोडी जास्त शिल्लक होती. हे म्हणाले, "सोमली, हात सैल सोडा. या तुकड्यात काळी माती आहे. जाड थर बसला तर दोन पावसाळे जास्त टिकेल."

सोमलीनं झारी खाली ठेवली. "साहेब, जास्त होऊन राह्यलं जी. गिट्टी पिऊन राह्यली नाई. पाह्य ना, वर तरंगून राह्यलं."

"टाका म्हणतो ना."

"टाकतो जी. तुमी म्हनता त टाकतो." तिनं झारी उचलली. मग माझ्याकडं पाहून जरा हसली आणि पुटपुटली, "भाजीत तेल जास्त झालं की मानूस खुश होते. पोट नाई होत."

ह्यांनी ते ऐकलं, पण सोडून दिलं. त्यांचा हेतू चांगला होता. मी तेव्हा डबा उघडत होते. त्यांनी एक घास खाल्ला आणि उठून पुन्हा रस्त्याकडं गेले. आईनं बाळ निजलं की नाही ते पाहावं, तसं वाकून वाकून पाहत होते.

मग वैशाख लागला.

यवतमाळचं ऊन ज्यांनी अंगावर घेतलंय त्यांना सांगायला नको. दहा वाजले की पक्षी गप्प. बाराला रस्त्यावर पाणी दिसायला लागायचं, दूरवर हलणारं, चमकणारं. मृगजळ आम्हा सगळ्यांना सवयीचं. पण त्या वर्षी ते पाणी जवळ गेलं तरी नाहीसं होईना. जवळ जावं तर ते काळं, घट्ट आणि ओलं. शेवटच्या तीन मैलांतलं डांबर वर आलं होतं. गिट्टी खाली बुडाली होती आणि वर नुसता काळा तवंग.

पहिल्यांदा सायकली अडकल्या. पोस्टमनच्या सायकलीची चाकं गिट्टीनं इतकी भरली की मडगार्डात रुतून बसली आणि त्यानं ती खांद्यावर घेऊन डाकेची थैली पोचवली. मग बैलगाड्या. चाकाची लोखंडी धाव रुतायची आणि बैल खूर उचलेनात. ट्रकवाले टायर दाखवायला येऊन कॅम्पसमोर थांबायचे. टायरला गोळे चिकटलेले, खालून उडालेल्या गिट्टीनं दिवे फुटलेले, रंग खरवडलेला. नव्या कोऱ्या जीपला काळ्या ठिपक्यांची देवी आल्यासारखं दिसायचं. आणि चपला! त्या तीन मैलांत किती चपला रुतल्या असतील. एकेकट्या. लोक पाय काढून पळायचे, चप्पल राहून जायची.

सकाळी, डांबर जरा घट्ट असताना, मी एकटीच त्या तुकड्यावरून चालून यायची. रस्त्यानं काय काय धरून ठेवलं होतं! पळसाचं पान, पोपटाचं पीस, बैलाच्या खुराचा नाल, कुणाच्या हिरव्या बांगडीचा तुकडा, एक अख्खं फुलपाखरू, पंख पसरलेलं. मला ते इतकं सुंदर वाटायचं की मी उकिडवी बसून बघत राहायची. आणि लगेच मनाला टोचायचं, कारण त्याच रस्त्यावर थोड्या अंतरावर हे असायचे, रेतीचं घमेलं घेऊन. बेंबळा नदीच्या कोरड्या पात्रातली रेती गाड्यांनी आणून ते हातानं पसरत होते. सकाळी पसरली की दुपारी डांबर ती गिळायचं. जेवायला यायचे ते बोलायचे नाहीत. एकदाच म्हणाले, "जास्त झालं." बस, तेवढंच. मी भाकरी वाढली.

ती दुपार आली तेव्हा मी दारात तांदूळ निवडत होते. बाभुळगावहून येणारी प्रवासी मोटार रहमतभाई चालवायचे. साठीकडं झुकलेले, मेंदी लावलेली दाढी. नवी नवरी म्हणून ते मला कॅम्पसमोरून जाताना भोंगा वाजवून सलाम करायचे. समोर एका बैलगाडीचा बैल रुतला होता, गाडीवान त्याला सोडवत होता. रहमतभाईंनी ब्रेक दाबला हे मला ऐकू आलं नाही. आवाज झालाच नाही. मोटार नुसती घसरत आली. नदीत नाव वळते तशी ती हळूच तिरपी झाली, बैलगाडीला वळसा घातला, रस्ता सोडला, आणि कडेच्या बाभळीवर जाऊन टेकली. मग मात्र मोठा आवाज झाला. काचा फुटल्या. समोरच्या चाकावरचा स्प्रिंगचा पाटा तुटून मोटारीनं गुडघा टेकला.

मी तांदळाचं सूप टाकून धावले. आत रडारड, ओरडा. एका म्हातारबुवांच्या कपाळाला खोक पडली होती. एका बाईच्या मांडीवरचं मूल सुखरूप होतं पण तिची बोबडी वळली होती. रहमतभाईंचा उजवा हात मनगटापाशी वाकडा लोंबत होता. माणसं उतरली ती थेट वितळलेल्या डांबरावर, आणि चटक्यांनी ओरडायला लागली. सोमली आणि तिच्या बाया रेतीची घमेली घेऊन धावल्या, रेती टाकून त्यांनी माणसांना उतरायला वाट केली. घमेली कमी पडत नव्हती, हात कमी पडत होते. मी पदर खोचला आणि एक घमेलं डोक्यावर घेतलं. सासूबाईंचं वाक्य मला आठवलं ते संध्याकाळी, मान दुखायला लागल्यावर.

मोहाच्या सावलीत सगळ्यांना बसवलं. घरात होतं नव्हतं तेवढं गोडं तेल लावून आम्ही त्यांच्या तळव्यांचं डांबर काढलं. रहमतभाईंच्या हाताला ह्यांनी तट्ट्याच्या कामट्या बांधल्या.

"साब," रहमतभाई कळ दाबत म्हणाले, "मैंने ब्रेक मारा, कसम से. चक्के रुके. मगर रस्ता नहीं रुका."

ह्यांनी मान खाली घातली. तसं त्यांचं तोंड मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मोठे साहेब जीपनं आले. मी चहा टाकला. तट्ट्याच्या भिंती म्हणजे काय, आतलं बाहेर आणि बाहेरचं आत. साहेब माणूस वाईट नव्हता, ह्यांच्यावर त्यांचा जीव होता. समजावणीच्या सुरात ते म्हणाले, "नारायणराव, खुलासा लिहून द्या. आता मराठीत दिला तरी चालतो. दोनच गोष्टी लिहा. मजूर बायांनी अंदाज न ठेवता डांबर ओतलं, आणि ड्रायव्हरनं वेग सांभाळला नाही. ती गँग काढून टाकू, दुसरी लावू. ड्रायव्हरचं त्याचं खातं बघेल. तुमची नोकरी नवी आहे. पुढं बढतीची यादी आहे."

मी चहा नेला. साहेबांनी चहाचं कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे झाडाखाली खाट टाकून बसले. माझं अक्षर चांगलं. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली, आणि ह्यांचं अक्षर कोंबडीनं माती उकरल्यासारखं. म्हणून मला म्हणाले, "लिही." मी मांडीवर पाटी घेऊन तिच्यावर कागद ठेवला. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. कामाचा तपशील, मैल, तारखा. मग ते थांबले, दूर रोलरकडं पाहत एका दमात म्हणाले, "सदर तुकड्यात मजूर स्त्रियांनी सूचनेविरुद्ध..."

माझा टाक थांबला.

"लिही ना."

"सूचनेविरुद्ध नाही, अहो. मी डबा घेऊन आलेली होती. मी तिथंच होती."

"तुले काय समजते यातलं?" त्यांचा आवाज चढला. लग्नानंतर पहिल्यांदाच. "साहेबांनी सांगतलं तसं लिहायचं. नोकरी गेली त खाशील काय?"

"काय खाईन ते मले माहीत नाही. पण हे मी लिहत नाही. तुम्ही लिहा तुमच्या हातानं."

मान हलवण्यापलीकडं मी काही करू शकते हे मला तोवर ठाऊक नव्हतं. त्यांनी कागद ओढून घेतला, टाक घेतला, दौतीत बुडवला. टाकाच्या टोकावरून शाईचा थेंब कागदावर पडला. मग ते उठले आणि रस्त्यानं चालू लागले.

ते बराच वेळ आले नाहीत. ऊन चढलं. भाजी करपली. मी दारात बसून त्या काळ्या पट्टीकडं पाहत होते आणि माहेरी कोणत्या तोंडानं जायचं याचा विचार करत होते. सोमलीच्या आरशांचे ठिपके नेहमीसारखे भिंतीवर फिरत होते. तिला यातलं काहीच माहीत नाही, असं मला वाटत होतं. ती रेती पसरत होती आणि कुणाला तरी ओरडत होती.

हे आले ते अनवाणी. चपला रस्त्यानं घेतल्या होत्या. तळवे काळे. खाटेवर बसले, नवा कागद माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाले, "लिही. आधी 'मी' लिही."

मी लिहिलं. "मी दिलेल्या तोंडी सूचनेवरून डांबराचे प्रमाण वाढवण्यात आले. मजुरांनी धोका लक्षात आणून दिला होता. मोटारचालकाने वेळीच ब्रेक लावला होता." सगळं मिळून अर्धं पान. एवढ्या लहान कागदाला आम्हाला अर्धा दिवस लागला. सही करताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्या पाहण्याला मी आजवर नाव देऊ शकले नाही. रागही होता त्यात. पण पाहिलं मात्र नीट, लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर पाहायला हवं होतं तसं.

बढतीच्या यादीतून त्यांचं नाव गेलं, आणि पंधरा दिवसांत बदली झाली वणीला, जिथं रस्ते कोळशाच्या ट्रकांखाली मोडत असतात. हे सगळं फार थोर होतं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या मागून आलेली पोरं पुढं त्यांची साहेब झाली. एखाद्या दिवशी थकून घरी यायचे आणि बूट काढता काढता म्हणायचे, "तुझं अक्षर लय चांगलं होतं." त्यात बोच असायची, मला कळायची. आणि एखाद्या दिवशी, वर्धा नदीच्या पुलावर गाडी थांबवून, लहान पोरासारखे मला हाक मारून नवा रस्ता दाखवायचे, "पाह्य, कसा बसलाय. एक थेंब जास्त नाही." त्यातही तेच असायचं. संसार असाच होतो बहुधा, एका गोष्टीचे दोन अर्थ घेऊन. आता त्यांना जाऊनही बरीच वर्षं झाली.

आम्ही निघालो तो दिवस मृगाच्या अलीकडचा. आभाळ भरून आलं होतं पण पाऊस नव्हता. रस्त्यावर नवी गिट्टी पसरून रोलर फिरवला होता आणि आता तो धरत होता. रहमतभाईंच्या जागी दुसरा ड्रायव्हर होता. त्यांचा हात अजून गळ्यात बांधलेला होता, पण नोकरी राहिली होती. ते घरून मुद्दाम आले होते आणि डाव्या हातानं आमची ट्रंक धरून उभे होते, सोडवली तरी सोडेनात.

मोटार यायला वेळ होता. सोमली कामावरून तशीच आली, पायाला गोणपाट बांधलेलं, हाताला काळं. ती माझ्याजवळ आली आणि आवाज खाली करून तिनं विचारलं, "बाई, साहेबानं कागद लिहला म्हन्ते वरती."

"हो."

"तूच लिहला म्हन्ते."

"मीच लिहिला."

"त्या कागदात माहं नाव हाये का?"

"नाही," मी म्हणाले. "तुझं नाव नाही. कोणाचंच नाही. फक्त ह्यांचं आहे."

तिनं सुस्कारा सोडला. इतक्या दिवसांत तिला सगळं माहीत होतं तर, आणि तरी ती रोज रेती पसरत होती. तिनं माझ्या गालावरून उलटा हात फिरवला, डांबर लागू नये म्हणून उलटा. "मंग चांगला कागद लिहला, छोरी," ती म्हणाली. "आमचं नाव कागदात आलं की आमचं काम जाते."

मोटार आली. मी खिडकीपाशी बसले. सोमली वाट पाहत थांबली नाही, वळून कामाला लागली, आणि तिच्या पाठीमागं तो रस्ता लांब, काळा, शांत पसरत गेला. त्या रस्त्याच्या किती तरी कागदांवर मी ह्यांच्या सह्या पाहिल्या. मैलाचे दगड पाहिले, त्यांच्यावर गावांची नावं होती. ज्या हातांनी तो केला त्यांतलं एकही नाव कुठं नव्हतं, आणि ते नसणं त्या दिवशी तिला सुख वाटलं होतं. तेव्हा मलाही वाटलं. आता वाटत नाही. म्हणून लिहिते आहे. तिचं नाव सोमली. पुढचं नाव विचारायचं मला सुचलं नाही.